साक्षीची पट्टी

वाटणीच्या आदल्या दिवशी मालोजी कुणाला न सांगता दोन्ही रानांत जाऊन आला. आधी तो इंद्रायणीच्या काठच्या काळ्या रानात गेला. ढेकूळ फोडून आतली चिमूटभर माती त्याने जिभेवर ठेवली, घोळवली आणि थुंकली. तोंडात काही उरलं नाही. मग तो चढण चढून माळावरच्या तांबड्या रानात गेला. तिथली माती जिभेला लागली तसे त्याचे दात आंबले. ओढ्यावर जाऊन त्याने चूळ भरली, तरी ती चव गेली नाही.

माती चाखायला त्याला बापाने शिकवलं होतं. बाप म्हणायचा, "खारी माती पानी पिती. आंबट माती राबवून घेती आन् देताना हात आखडती." म्हणून बापाने माळावर कधी मन लावून नांगर घातला नाही. गवतासाठी तो पडीक ठेवला, फार तर हुलगा फेकला. "माळ गुरांचा," एवढंच तो चारचौघांत बोलायचा. धाकट्या सयाजीला वाटायचं, बापाला गुरांची माया आहे. खरं कारण थोरल्या मालोजीलाच ठाऊक होतं.

सयाजी भर पावसाळ्यात हिवतापाने गेला. मागे त्याची बायको छबूबाई आणि एक लेक राहिली. वर्षश्राद्ध उरकलं आणि छबूबाईचा भाऊ मोशीला येऊन बसला. वाटणी करा म्हणाला.

मोशीत वाटणीची रीत अशी होती की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. म्हणजे थोरल्याला लबाडी करायला जागा राहत नाही. भैरोबाच्या देवळापुढे दोन पत्रावळी मांडायच्या, दोन्हींवर त्या त्या रानाचं एकेक ढेकूळ ठेवायचं. जे ढेकूळ उचलाल ते रान तुमचं. पंचांनी बघायचं, देवाने ऐकायचं.

मालोजीने वाटे असे पाडले की कुणी नाव ठेवू नये. काळं रान लहान होतं, तांबडं जवळपास त्याच्या दुप्पट. पंचांतला म्हातारा भिमाजी म्हणाला, "थोरल्यानं मन मोठं केलं बरं का." मालोजीने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

छबूबाई पदर सावरत पुढे आली. तिने हात पुढे केला आणि मध्येच थांबली. पंचांकडे पाहिलं नाही, सख्ख्या भावाकडे पाहिलं नाही. मालोजीकडे पाहिलं.

"भावजी, कंचं उचलू?"

वाटे ज्याने पाडले त्यालाच कुणी असं विचारील, ही तजवीज रीतीत नव्हती.

"तांबडं उचल," मालोजी म्हणाला. "काठाच्या रानाला पुराचं भ्या. माळ काय कदी बुडायचा न्हाई."

त्यात एक शब्द खोटा नव्हता. काठाला पूर येत होता आणि माळ खरोखर कधी बुडणार नव्हता. छबूबाईने तांबडं ढेकूळ उचललं, कपाळाला लावलं आणि ओटीत घेतलं. मालोजीचे दात पुन्हा आंबल्यासारखे झाले. तो घरी गेला, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि बायकोला म्हणाला, आज जेवायचं नाही.

*

पुढची काही वर्षं मालोजीच्या काळ्या रानात शाळू माणसाच्या डोक्यावर जायचा. छबूबाई वर माळावर दगड वेचत होती, बांध घालत होती, पोटाला मिळत नव्हतं तेव्हा लोकांच्या रानात रोजाने जात होती. लेक मोठी झाली, ती चाकणला दिली. मग कुणीतरी सांगितलं की हलक्या तांबड्या रानात भुईमूग चांगला येतो. छबूबाईने बी मिळवलं आणि भुईमूग पेरला.

वेल असा काही माजला की बघणारा थांबावा. हिरवागार पाला, वर पिवळी फुलं. फुलं गेल्यावर त्यांच्या जागी आऱ्या सुटल्या. आरी म्हणजे फुलाखालून निघून जमिनीत शिरणारी बारीक काडी. तिच्याच टोकाला मातीत शेंग धरते. एकेका वेलाला इतक्या आऱ्या होत्या की छबूबाईने पोती मागून आणली.

काढणीला वेल उपटले. शेंगा लगडलेल्या होत्या. तिने एक शेंग दोन बोटांत दाबली. फस्स. दुसरी दाबली. तीही फस्स. टरफलात दाण्याच्या जागी नुसती काळपट साल होती. वेलाच्या वेल पोचट शेंगांचे. सबंध रानातून भरल्या दाण्याचं एक सूप निघालं नाही.

मालोजी बांधावर उभा होता. छबूबाईने ओंजळभर शेंगा त्याच्या पुढे धरल्या.

"भावजी, आसं का वो झालं?"

त्याने शेंग हातात घेऊन उलटसुलट केली. "पाऊस कमी पडला आसंल," म्हणाला.

पाऊस बरा झाला होता. तिला ते माहीत होतं, पण थोरल्याशी वाद घालायची पद्धत नव्हती. तिने शेंगा ओच्यात टाकल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पेरताना चाड्यावर माजी मूठ व्हती. माजा हातच रिकामा, तर शेंग कशानं भरंल?"

पेरणीच्या पाभरीला वर लाकडाचं चाडं असतं. बाई त्यात मुठीने दाणे सोडत चालते. विधवेने पहिली मूठ धरू नये असं लोक म्हणत. छबूबाईला धरावी लागली होती, कारण दुसरं कुणी नव्हतं.

तोंड उघडायची वेळ होती ती. मालोजीच्या जिभेवर शब्द आलाही होता. पण तो शब्द बाहेर पडला असता तर त्याच्यामागून देवळापुढच्या पत्रावळीही बाहेर पडल्या असत्या. तो म्हणाला, "आसं काय बी बोलू नगंस," आणि उतरणीला लागला.

दुसऱ्या वर्षी पेरणीच्या दिवशी सकाळीच ती दारात येऊन उभी राहिली. "भावजी, पयली मूठ तुमी टाका. तुमचा हात यशाचा हाय. तुमच्या रानाकडं बगून सगळी म्हनत्यात."

मालोजीची बायको रुक्मिणीबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "जावा की. येवढी मान देऊन बोलावती."

मालोजी गेला. चाड्यावर त्याने मूठ धरली तेव्हा दाणे बाहेर सांडले. त्या वर्षीही शेंग पोचटच निघाली. छबूबाईने त्याला बोल लावला नाही. उलट समजूत घातली. "तुमचा हात चांगला वो. पन रान माजं ना. माज्या नावावर आलं आन् वांझ झालं."

त्यानंतर गावातल्या बायकांनी तिला पेरणीला बोलवायचं बंद केलं. तण काढायला, काढणीला, मळणीला बोलवत. पेरणीला नाही. मालोजीने हे रुक्मिणीबाईच्या तोंडून ऐकलं आणि हातातली भाकरी ताटात ठेवली.

*

पिंपरीला त्या सुमारास सरकारी औषधाचा कारखाना उभा राहत होता. विटा, खडी, चुना, माणसं, सगळ्यांची ओढ तिकडे. छबूबाईचा भाऊ तिथे कामाला लागला होता. त्याने निरोप धाडला की माळाचा नाद सोड आणि पाट्या उचलायला ये, रोजच्या रोज हातात पडतं. ती मालोजीला सांगायला आली.

"यंदाचं साल बगते. यंदा बी आसंच झालं तर रान पडीक टाकते आन् जाते. तुमच्या भावाचं रान हाय म्हनून सांगायला आले, न्हाईतर तुमी म्हनाल, न सांगता गेली."

मालोजीला रात्रभर झोप लागली नाही. ती गेली तर रोज माळाकडे बघायला नको, असं एक मन म्हणत होतं. त्या मनाची त्याला किळस आली.

त्याच उन्हाळ्यात विकास गटाचा नवा ग्रामसेवक सायकलवरून गावात आला. उद्धवराव त्याचं नाव. अंगाने किडकिडीत, बोलायला तयार. चावडीत लोकांना जमवून त्याने सांगितलं, ज्याच्या रानात पिकत नाही त्याने मूठभर माती आणावी. छबूबाई फडक्यात माती बांधून घेऊन आली. उद्धवरावाने ती काचेच्या नळीत घातली, बाटलीतलं पाणी ओतलं, हलवली, निवळू दिली. मग निळ्या कागदाची एक चिंधी तिच्यात बुडवली. बघता बघता निळा कागद तांबूस झाला.

"ही माती आंबट आहे," उद्धवराव म्हणाला. "पिठल्यात आमसूल जास्त पडावं तशी. भुईमुगाची शेंग मातीत भरते ना? मग तिला लागणारा चुना ती भोवतालच्या मातीतूनच ओढते. या मातीत चुना नाही. वेल वाढेल, फुलं येतील, आऱ्या उतरतील आणि शेंग रिकामी राहील. असंच होतं का?"

छबूबाई त्या कागदाकडे बघत राहिली. "मंजी सायब... माजा हात न्हवं?"

"हाताचं काय?"

"माज्या हातानं पेरलं म्हनून न्हवं?"

उद्धवरावाला आधी कळेना. कळलं तेव्हा त्याने चष्मा काढून पुसला. "नाही हो बाई. कुणीही पेरलं असतं तरी हेच."

ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती पदराने पुसत म्हणाली, "आन् येवढी सालं मी देवाला इचारत व्हते! आता माती आंबट हाय हे कुनाला कसं कळावं वो? कोन काय चाखून बगतंय व्हय?"

चावडीत हशा झाला. भिमाजी मात्र हसला नाही. "आगं, चाखायचे की जुने लोक. ह्या मालोजीचा बाप तर लई वस्ताद. जिभंवर माती ठिवून सांगायचा, हितं गहू, हितं बाजरी." तो मालोजीकडे वळला. "तुला शिकवलं आसंल की रं बापानं?"

सगळ्यांची तोंडं मालोजीकडे वळली. छबूबाईचंही.

"न्हाई," मालोजी म्हणाला. "मला न्हाई आलं ते."

देवळापुढे तो खोटं बोलला नव्हता, मातीचं तेवढं लपवलं होतं. आता बोलला. आणि बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं की दोन्हींचं वजन सारखंच आहे.

*

चुना कुठून आणायचा हा प्रश्न होता. ओढ्याच्या वळणावर इनायतची चुन्याची भट्टी होती. तो हात झटकून म्हणाला, "मालोजीराव, चुन्याची कळी भट्टीतून निघायच्या आत पिंपरीची गाडी दारात उभी ऱ्हाती. शेतात टाकायला चुना? लोक घर बांधायला रडत्यात."

"खडे मी आनून दिले तर?"

"कुठनं?"

"माज्या काळ्या रानातनं. नांगराला चुनखडीचे खडे लागत्यात. ढीग हायत बांधावर. तू भाजून दे. निम्मं तुजं, निम्मं माजं."

इनायतने डोळे बारीक केले. "आन् तुमचा निम्मा कुनाला?"

"धाकल्या भावाच्या रानाला."

"अल्ला तुमचं भलं करो. असा भाऊ मला पायजे व्हता."

मालोजी लगेच निघाला. माणसं त्याचं भलं चिंतायला लागली की त्याला पळून जावंसं वाटायचं.

सबंध उन्हाळा तो खडे वेचत राहिला. बांधावरचे संपले तेव्हा रानातले उकरून काढू लागला. ज्या रानाच्या पोटात चुना जास्त होता ते त्याने स्वतःकडे ठेवलं होतं, आणि ज्या माळाला तो हवा होता त्याला काही दिलं नव्हतं. बाप असता तर त्याने दोन्ही रानं एका हाताने सांभाळली असती, हा विचार वेचता वेचता त्याच्या डोक्यात घोळायचा. रुक्मिणीबाई भाकरी घेऊन यायची आणि उन्हात वाकलेल्या नवऱ्याकडे बघत उभी राहायची.

"सोताच्या रानातला दगूड कदी वाकून उचलला न्हाईत. आता जावंच्या रानासाठी कंबार मोडताय. काय नवस बोललाय का?"

"व्हय. तसंच समज."

"मग देवाचं नाव तर सांगा, म्या बी हात जोडीन."

भाजलेली कळी माळावर नेली. तिच्यावर पाणी मारलं की ती सुसू करत तापायची, तडकायची आणि भुगा व्हायची. मालोजीच्या बोटांची कातडी निघाली. त्याने कुणाला दाखवलं नाही. त्याला ते बरंच वाटलं.

पण चांगलं करायला गेलेल्या हातानेही बिघडवायचं ते बिघडवलंच. छबूबाईने वर्षभराचं शेणखत राखून ठेवलं होतं. एका खेपेत दोन्ही कामं व्हावीत म्हणून मालोजीने ताजा चुना आणि शेणखत एकत्र कालवलं. ढिगातून असा झणका उठला की डोळे चुरचुरले. तेवढ्यात उद्धवरावाची सायकल आली आणि तो लांबूनच ओरडला, "अहो थांबा! खताची सगळी ताकद हवेत चालली! चुना आधी टाकायचा, मातीत मुरू द्यायचा, शेणखत मागाहून!"

निम्मं खत वाया गेलं. छबूबाई म्हणाली, "आसू द्या वो भावजी. तुमी काय मुद्दाम केलं का?"

मालोजीने फावडं उचललं आणि पाठ फिरवून उभा राहिला.

उद्धवरावाने एक गोष्ट हट्टाने करायला लावली. रानाच्या मधोमध एक पट्टी तशीच ठेवायची, तिला चुना लावायचा नाही. बाकी मशागत सारखीच. म्हणजे फरक कशाने पडला हे लोकांना डोळ्यांनी दिसेल. गावाने तिला नाव दिलं, साक्षीची पट्टी.

*

काढणीला अर्धा गाव माळावर लोटला. चुना लावलेल्या रानातला पहिला वेल छबूबाईने उपटला, झटकला, शेंग कानापाशी नेऊन हलवली. दाणा वाजला नाही. तिचा चेहरा पडला. तिने शेंग फोडली. आत दाणे इतके दाटून बसले होते की वाजायला जागाच नव्हती. गुलाबी, टपोरे. मग साक्षीच्या पट्टीतला वेल उपटला. तोच पाला, तेवढ्याच शेंगा. दाबली की फस्स.

बायका वेल उपटायला धावल्या. भिमाजीने धोतराचा सोगा पसरून शेंगा मागून घेतल्या. उद्धवराव सगळ्यांना पुन्हा पुन्हा पट्टीकडे घेऊन जात होता. आणि छबूबाईने पहिली पाटी भरली, ती उचलून मालोजीपुढे ठेवली आणि वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"देवानं नवरा नेला, पन तुमाला ठिवलं," ती म्हणाली.

"चाकणच्या मेळाव्यात यांचा सत्कार करायचा," उद्धवराव म्हणाला. "असा थोरला भाऊ तालुक्याला दाखवला पाहिजे."

मालोजी पाय मागे घेऊ लागला तो साक्षीच्या पट्टीत गेला. पाटी तिथेच राहिली. पोटात कळ आली असं सांगून तो उतरणीला लागला.

दोन दिवस त्याने घराबाहेर पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मनाशी एक तोडगा काढला. न बोलता फेडायचं. तो छबूबाईच्या घरी गेला. ती उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती.

"छबू, एक बोलायचं व्हतं. आपून रानं बदलू. काळं तू घे, माळ मला दे."

शेंग फोडणारी बोटं थांबली.

"का वो?"

"माजं वय झालं. काळ्या रानाचं काम व्हत न्हाई."

"आन् माळाचं व्हतंय?"

छबूबाईने मांडीवरची टरफलं झटकली आणि उठली. इतक्या वर्षांत तिने प्रथमच त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं.

"रिकामं व्हतं तवा कदी बदलू म्हनला न्हाईत. आता भरल्यावर म्हनताय व्हय? माजा भाऊ वाटनीलाच म्हनला व्हता, थोरल्याच्या तोंडाकडं बगून ढेकूळ उचलू नगंस. मी त्याच्याशी भांडले व्हते तुमच्यापायी." तिचा आवाज फाटला. "न्हाई बदलायचं मला. माळ माजा हाय."

दुसऱ्या दिवशी चावडीत चर्चा झाली. "फुकट चुना देतोय म्हनल्यावरच मी वळखलं," कुणी म्हणालं. "आपल्या मालोजीनं भावजयीला चांगलाच चुना लावला!" लोक खो खो हसले. रुक्मिणीबाई घरी येऊन कडाडली, "जुंदळ्याचं रान देऊन मुरमाड माळ मागता? लोकं हाव म्हनत्यात, मला तर भूल पडल्यागत वाटतंय."

ज्या पापाचा त्याने विचारही केला नव्हता ते गावाने त्याच्या माथी मारलं होतं. जे केलं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मालोजीला वाटलं, हेच बरं. हावरट म्हणून मरावं. पण मग छबूबाईचा फाटलेला आवाज त्याला आठवे. चोर समजून का होईना, ती चुकीच्या चोरीसाठी त्याच्यावर रागावली होती, आणि खऱ्या चोरीचं ओझं अजून तिच्याच हातांवर होतं. कागद तांबडा झाला तरी गावातल्या बायकांनी अजून तिला पेरणीला बोलावलं नव्हतं.

तो माळावर गेला. छबूबाई राहिलेले वेल गोळा करत होती. त्याला बघून तिने पदर पुढे ओढला आणि पाठ केली.

"रान मागायला आलो न्हाई," मालोजी म्हणाला. "हिकडं बग."

तो साक्षीच्या पट्टीत बसला. ढेकूळ फोडलं, आतली माती चिमटीत घेतली आणि जिभेवर ठेवली. घोळवली. थुंकली. मग हात जमिनीला टेकून म्हणाला, "वाटनीच्या आदल्या दिशी मी हितंच आसा बसलो व्हतो. बापानं मला शिकवलं व्हतं. चावडीत खोटं बोललो."

छबूबाई वळून बघत होती. तिच्या हातातला वेल लोंबत होता.

"तुला माळ उचल म्हनलो तवा दात आंबलेलेच व्हते माजे."

वारा सुटला होता आणि टरफलं रानभर उडत होती. छबूबाई हळूहळू पट्टीपर्यंत आली, त्याच्यापासून लांब उकिडवी बसली. तिनेही चिमूटभर माती घेतली आणि तोंडात घातली. तिचं तोंड कसनुसं झालं. थुंकून तिने पदराने ओठ पुसले.

"येवढंच व्हतं व्हय," ती म्हणाली. "येवढं जिभंला कळत व्हतं."

मग ती पुन्हा बोलली. आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच मालोजीला भीती वाटली.

"लेकीला चाकनला पोर झालं. सुईनीनं पयल्यांदा माज्या हातात द्यायला पुढं केलं. मी हात मागं घेतलं. म्हनलं, माजा हात रिकामा हाय, पोराला लागंल. दुसऱ्या बाईला दिलं. लेक अजून बोलत न्हाई माज्याशी नीट. तिला वाटलं, पोरगी झाली म्हनून घेतली न्हाई."

मालोजीला हे ठाऊक नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"काळं रान घे," तो पुटपुटला. "दोनी घे."

"रान नगं मला." ती उठली. "शाळवाची पेरनी कदी हाय तुमची?"

"चार-दोन दिसांत. वापसा आला की."

"चाड्यावर पयली मूठ मी धरनार. तुमच्या काळ्या रानात. आन् का धरली ते तुमी सांगायचं. समद्यांदेखत."

*

पेरणीच्या दिवशी काळ्या रानात बैल जुंपले, पाभर ठेवली. रुक्मिणीबाई बियाची ओटी बांधून उभी होती. शेजारपाजारचे लोक आले होते. छबूबाई माळावरून उतरून आली आणि सरळ पाभरीपाशी गेली.

"ही कुठं?" कुणीतरी कुजबुजलं. भिमाजीने काठी आपटली. "मालोजी, पयली मूठ हाय. सवाशिनीला धरू दे की. धाकलीला मागनं बोलीव."

मालोजीने रुक्मिणीबाईच्या ओटीतलं बी काढून छबूबाईच्या ओटीत घातलं. रुक्मिणीबाई काही बोलणार होती, पण त्याच्या तोंडाकडे बघून थांबली. मग तो लोकांकडे वळला.

त्याने लांबण लावली नाही. माती चाखल्याचं सांगितलं. पत्रावळीचं सांगितलं. ती विचारत होती तेव्हा काय बोललो आणि चावडीत काय बोललो, तेही सांगितलं. "हिचा हात कदीच रिकामा न्हवता," म्हणाला. "रान रिकामं व्हतं, आन् मला म्हाईत व्हतं."

कुणी हसलं नाही. भिमाजीने काठी खाली ठेवली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाला, "बापाची इद्या व्हती ती. पोट भरायला दिली व्हती." रुक्मिणीबाई बांधावर जाऊन पाठमोरी बसली. नवस कसला होता ते तिला आता समजलं.

मालोजी आणखी काहीतरी बोलू पाहत होता. माफीचं असावं. छबूबाईने त्याला बोलू दिलं नाही.

"चला की," ती म्हणाली. "बैलं उबी हायती."

तिने मूठ भरली आणि चाड्यावर धरली. पाभर चालू लागली. तिच्या बोटांतून दाणे एका लयीत सुटत होते, एकही बाहेर सांडला नाही.

पेरणी झाल्यावर ती ओढ्यात हात धुऊन माळावर निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती चाकणला लेकीकडे गेली, भुईमुगाचे लाडू घेऊन, हे मालोजीला बायकोकडून कळलं. रुक्मिणीबाई त्याच्याशी कामापुरतं बोलत होती.

पुढे माळ पिकत राहिला. छबूबाई पिंपरीला गेली नाही. बायका तिला पेरणीला मुद्दाम बोलावू लागल्या. मालोजी दर उन्हाळ्यात खडे वेचायचा, इनायतकडून भाजून आणायचा आणि चुना माळावर पोचवायचा. ती घ्यायची, पाण्याचा तांब्या पुढे करायची, पण भावजी म्हणून हाक मारत नव्हती.

"त्या पट्टीला बी लावू का औंदा?" तो दर वर्षी विचारायचा.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणायची.

भरल्या रानाच्या मधोमध ती पट्टी तशीच राहिली.